एक प्रश्न, शंभर दारं

सप्टेंबर १९९६मध्ये मुंबईत ‘व्हीएलडीबी’ ही परिषद भरली. अवाढव्य डेटाबेसवर काम करणारे संशोधक १९७५पासून दरवर्षी जगातल्या कुठल्या ना कुठल्या शहरात या परिषदेसाठी जमतात. मुंबईतली परिषद बाविसावी. शहराचं नाव आदल्याच वर्षी बदललेलं, त्यामुळे निबंधसंग्रहावर ‘मुंबई’ छापून शेजारी कंसात ‘बॉम्बे’ही छापावं लागलं. संपादकांमध्ये मुंबई आयआयटीचे नंदलाल सारडा होते आणि आयबीएमचे सी. मोहनही. त्या जाडजूड संग्रहातला एक निबंध अलोन लेव्ही, आनंद राजारामन आणि जोअ‍ॅन ऑर्डिल या तिघांचा होता. ‘इन्फर्मेशन मॅनिफोल्ड’ नावाची यंत्रणा त्यांनी अमेरिकेत एटी अँड टीच्या प्रयोगशाळेत उभी केली होती. त्यांचं म्हणणं असं, की माहितीचे शंभराहून अधिक वेगवेगळे स्रोत आम्ही एका प्रश्नाच्या आवाक्यात आणले आहेत. स्रोत निरनिराळ्या मालकांचे होते, निरनिराळ्या पद्धतीने रचलेले होते आणि त्यातले बरेचसे नव्याने पसरू लागलेल्या वेबवर होते. विचारणाऱ्याने मात्र एकदाच विचारायचं.

दहा वर्षांनी त्याच परिषदेने या निबंधाला दशकातल्या सर्वांत प्रभावी लेखनाचा पुरस्कार दिला. पण एक प्रश्न अनेक डेटाबेसना एकाच वेळी विचारण्याची खटपट मुंबईतल्या परिषदेच्याही वीस वर्षं आधीपासून चालू होती. त्या खटपटीत यंत्रं तुलनेने लवकर वठणीवर आली. माणसांनी, म्हणजे त्या यंत्रांच्या मालकांनी, फार वेळ घेतला.

सुरुवात करावी लागते ती एडगर कॉडपासून. आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेतल्या या इंग्रज गणितज्ञाने जून १९७०मध्ये ‘रिलेशनल’ डेटाबेसची कल्पना मांडली. त्याआधी डेटाबेसमधून काही काढायचं तर प्रोग्रॅमरला वाट पाठ असावी लागे. या नोंदीवरून त्या नोंदीवर जा, तिथून पुढच्या दुव्यावर, मग थांब. कॉडने सांगितलं, माहिती साध्या तक्त्यांत ठेवा, आणि काय हवं तेवढंच बोला. कसं आणायचं ते यंत्र ठरवील. आयबीएमच्याच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४मध्ये या विचाराला भाषेचं रूप दिलं आणि त्यातून पुढे एसक्यूएल आली.

वाट सांगायची नाही या अटीचा एक फायदा लोकांच्या उशिरा लक्षात आला. तक्त्यातल्या ओळींना क्रम नसतो, म्हणून तक्ता कुठेही कापता येतो. दहा तुकडे दहा यंत्रांना द्या, प्रत्येकाने आपापल्या तुकड्यात शोधावं आणि सापडलेलं एकत्र करावं. उत्तर तेच येतं. समांतर डेटाबेसचं सगळं शास्त्र या एका वाक्यातून उगवलं.

पण पहिला मोठा प्रयोग झाला तो वेगासाठी नव्हे, अंतरासाठी. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजच्या ‘कॉम्प्युटर कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका’ या कंपनीने अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘डार्पा’च्या पैशावर १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘एसडीडी-१’ बांधायला घेतली. जेम्स रॉथनी, फिलिप बर्नस्टीन, नेथन गुडमन, युजीन वाँग ही त्यातली माणसं. डेटा वेगवेगळ्या गावांतल्या यंत्रांवर, मध्ये अर्पानेट या जाळ्याच्या तारा. त्या तारांचा वेग सेकंदाला ५० हजार बिट. एक कोटी बाइटचा तक्ता एका टोकाहून दुसऱ्या टोकाला न्यायचा तर, वाटेत काही न अडखळता, जवळजवळ २७ मिनिटं. आज फोनवरचे दोन-तीन फोटो मिळून तेवढे होतात.

या कासवगतीने त्यांना एक सुंदर युक्ती सुचवली: सेमीजॉइन. समजा एका ठिकाणी पुरवठादारांचा तक्ता आहे आणि दुसऱ्या ठिकाणी लाखभर मागण्यांचा. दोन्हींची सांगड घालायची आहे. लाख मागण्या तारेवर टाकण्याऐवजी आधी फक्त पुरवठादारांचे क्रमांक पलीकडे पाठवायचे. तिथे ज्या मागण्या त्या क्रमांकांशी जुळतील, तेवढ्याच परत येतील, त्या कदाचित पाचशे असतील. एक फेरी वाढली, ओझं मात्र कितीतरी पटींनी उतरलं. तारा वेगवान झाल्यावर या युक्तीची चलती मध्यंतरी कमी झाली, तरी तिची सावली आजच्या बहुतेक यंत्रणांत सापडते. टंचाईत लागलेले शोध टिकाऊ असतात, असं मला या इतिहासात वारंवार दिसतं.

एसडीडी-१मध्ये एक सोय होती. गावं वेगळी असली तरी सगळीकडे सॉफ्टवेअर एकच. खरी संस्था तशी कुठे असते? एका खात्याने एका कंपनीची यंत्रणा घेतलेली, दुसऱ्याने दुसऱ्या कंपनीची, तिसऱ्याची तिथल्याच कुणी तरी पंधरा वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली. म्हणून त्याच कंपनीने पुढे ‘मल्टीबेस’ हाती घेतली आणि १९८१मध्ये तिची मांडणी प्रसिद्ध केली. हिच्यात प्रत्येक डेटाबेस जसा आहे तसाच राहतो. वर एक सामाईक आराखडा असतो. प्रश्न त्या आराखड्याच्या भाषेत विचारायचा. यंत्रणा त्याचे तुकडे करून ज्याचा त्याला, ज्याच्या त्याच्या भाषेत पोचवणार. फक्त वाचायचं, लिहायचं नाही. दुसऱ्याच्या घरातल्या नोंदी बदलण्याचं धाडस तिने केलं नाही आणि ते शहाणपणाचंच होतं.

मल्टीबेसवर काम करणाऱ्यांत उमेश्वर दयाल हे भारतीय संशोधक होते. त्यांनी ज्या प्रश्नाला हात घातला तो ऐकायला क्षुल्लक वाटतो. एकाच कर्मचाऱ्याची नोंद दोन डेटाबेसमध्ये आहे आणि दोन्हीकडे पगार वेगळा आहे. खरा कुठला? यंत्राला ते कळणार नाही. तेव्हा सामाईक आराखडा रचतानाच नियम लिहून ठेवावा लागतो: मोठा आकडा घ्या, सरासरी काढा, दोन्हींची बेरीज करा किंवा अमुक एका स्रोतावर विश्वास ठेवा. नोकरी दोन ठिकाणी असेल तर बेरीजच बरोबर. एकाच ठिकाणची दुबार नोंद असेल तर बेरीज हा घोटाळा. आणि एका डेटाबेसमध्ये असलेला माणूस दुसऱ्यात नसलाच, तरी तो उत्तरातून गळता कामा नये, यासाठी ‘आउटर जॉइन’ची क्रिया त्यांनी कामाला लावली. कुठल्या खात्याचं खरं धरायचं, हा कारकुनी वाटणारा वाद इथे गणिताच्या भाषेत लिहिला गेला.

इकडे हे चालू असताना कॅलिफोर्नियात वेगळीच मंडळी वेगाच्या मागे लागली होती. १९७९मध्ये ब्रेंटवुडच्या एका गॅरेजमधून ‘टेराडेटा’ कंपनी सुरू झाली. नावातच मनसुबा होता: एक टेराबाइट, म्हणजे एकावर बारा शून्यं इतके बाइट, पेलणारं यंत्र. तेव्हा ती निव्वळ स्वप्नातली संख्या होती. त्यांच्या पहिल्या यंत्राचं नाव ‘डीबीसी/१०१२’, तेही त्याच दहाच्या बाराव्या घातावरून. आत साधे इंटेलचे प्रोसेसर, प्रत्येकाची स्वतःची डिस्क. ओळ आली की तिच्या एका रकान्यावर हॅश हे गणित चालवायचं आणि येईल त्या आकड्यानुसार ती एका प्रोसेसरच्या पदरात टाकायची. असं केलं की ओळी सगळ्यांत साधारण सारख्या वाटल्या जातात. प्रश्न आला की सगळे एकदम कामाला लागतात. त्यांना जोडणारं ‘वाय-नेट’ हे जाळं झाडासारखं रचलेलं. उत्तरं वर चढता चढता वाटेतच क्रमाने लावली जात. १९८३च्या अखेरीस पहिलं यंत्र वेल्स फार्गो बँकेत चाचणीसाठी बसलं. टेराबाइटचं स्वप्न १९९२मध्ये वॉलमार्टच्या यंत्रावर खरं झालं.

गंमत अशी, की १९८३मध्येच हॅरन बोरल आणि विस्कॉन्सिन विद्यापीठाचे डेव्हिड डेविट यांनी अशा यंत्रांची वेळ टळून गेली का, असं विचारणारा निबंध लिहिला होता. खास डेटाबेससाठी घडवलेलं महागडं हार्डवेअर चालणार नाही, प्रोसेसर झपाट्याने वेगवान होताहेत आणि डिस्क मागे रेंगाळताहेत, हा त्यांचा मुद्दा. खास हार्डवेअरबद्दल ते बरोबर ठरले. समांतरपणाबद्दल मात्र डेविट यांनी स्वतःच स्वतःला खोटं पाडलं: १७ साध्या व्हॅक्स यंत्रांची साखळी करून त्यांनी ‘गॅमा’ बांधली आणि यंत्रं वाढवली की वेग जवळजवळ त्याच प्रमाणात वाढतो हे दाखवून दिलं. मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६मध्ये या रचनेची बाजू मांडली. कुणाची मेमरी सामाईक नाही, डिस्क सामाईक नाही, बोलणं फक्त निरोपांतून: ‘शेअर्ड नथिंग’. गोएट्झ ग्रेफ यांनी ‘व्होल्केनो’ या प्रणालीत समांतरपणा एकाच सुट्या क्रियेत, ‘एक्स्चेंज’मध्ये, कोंडून ठेवला. ती क्रिया प्रश्नाच्या आराखड्यात हवी तिथे घुसवायची; बाकीच्या क्रियांना आपण एकट्या आहोत की शंभरजणी, याचा पत्ताही नसतो. माझ्या मते या सगळ्या काळातला हा सर्वांत देखणा शोध. १९९२मध्ये डेविट आणि जिम ग्रे यांनी दहा वर्षांपूर्वीच्या निराशेची आठवण काढत समांतर डेटाबेस जिंकल्याचं जाहीर करून टाकलं.

जिंकले खरे, पण आपल्याच अंगणात. टेराडेटातल्या शेकडो प्रोसेसरचा मालक एक. कुठली ओळ कुठे राहील हे तोच ठरवतो. अमित शेठ आणि जेम्स लार्सन यांनी १९९०मध्ये विखुरलेल्या डेटाबेसचा जो विस्तृत आढावा घेतला, त्यात तीन अडचणी वेगळ्या मोजल्या: डेटा लांब असणं, डेटा निराळ्या घडणीचा असणं आणि डेटाचा धनी स्वतंत्र असणं. पहिलीवर तारा टाकून मात करता येते, दुसरीवर भाषांतर करून. तिसरीवर तंत्रज्ञानाचा इलाज नाही. स्वतंत्र धनी म्हणू शकतो: आता नाही, दुपारी चारनंतर या. किंवा: माझ्याकडे किती ओळी आहेत हे मी सांगणार नाही. किंवा काही न सांगता आपल्या तक्त्याचा रकाना बदलून मोकळा होतो.

या तिसऱ्या अडचणीवर स्टोनब्रेकर यांनी बर्कलेत काढलेला तोडगा अफलातून होता. धन्याला हुकूम करता येत नाही ना, मग त्याला मोल द्या. ‘मरिपोसा’ या त्यांच्या यंत्रणेत प्रत्येक प्रश्नाबरोबर एक अंदाजपत्रक येई: उत्तर इतक्या वेळात मिळालं तर इतके देईन, उशीर झाला तर इतकेच. मध्ये एक दलाल. तो प्रश्नाच्या तुकड्यांसाठी निरनिराळ्या डेटाबेसकडून बोली मागवी. ज्याच्याकडे काम कमी तो स्वस्तात घेई, गळ्यापर्यंत बुडालेला चढी बोली लावी किंवा गप्प बसे. तक्त्यांच्या तुकड्यांचीही अशीच खरेदी-विक्री. पैसे अर्थात खोटे, पण भार वाटण्याचं काम खरं. मध्यवर्ती नियंत्रक ठेवायचा नाही, हा हट्ट इतक्या टोकाला आणखी कुणी नेला नाही. यावरून ‘कोहेरा’ कंपनी निघाली आणि २००१मध्ये ती ‘पीपलसॉफ्ट’ने घेतली. बोलीची कल्पना मात्र बाजारात रुळली नाही. कंपन्यांच्या माहिती विभागांना आपला प्रश्न लिलावात उभा करण्याची कल्पना रुचली नसावी.

आयबीएमची वाट जास्त सरळ होती. लॉरा हास यांनी आधी ‘आर-स्टार’ या विखुरलेल्या डेटाबेसच्या प्रकल्पावर काम केलं होतं. सी. मोहनही त्याच प्रकल्पातले. १९९०च्या दशकात अल्माडेनच्या प्रयोगशाळेत हास यांच्या चमूने ‘गार्लिक’ उभारली. इथे प्रत्येक स्रोताच्या दारात एक ‘रॅपर’ बसवायचा. हा निव्वळ दुभाष्या नव्हता. नियोजक त्याला आधी विचारायचा: या कामातलं तुला किती जमेल आणि त्याला काय खर्च येईल? चित्रांचा संग्रह म्हणे, लालसर चित्रं मी शोधून देतो, पण किमतीनुसार गाळणं मला येत नाही. मग ते गाळणं गार्लिक स्वतः करी. कुवत आधी विचारायची आणि काम नंतर द्यायचं, ही पद्धत पुढे आयबीएमच्याच ‘डीबी२’ या डेटाबेसच्या उत्पादनांतून औषध कंपन्यांच्या प्रयोगशाळांपर्यंत गेली.

मुंबईत वाचल्या गेलेल्या निबंधाने गाठ उलट बाजूने सोडवली. मल्टीबेसच्या पद्धतीत सामाईक आराखडा स्रोतांवरून रचला जाई, म्हणून नवा स्रोत आला की आराखडाच उसकटावा लागे. लेव्ही, राजारामन आणि ऑर्डिल म्हणाले, आराखडा आधी ठरवा आणि प्रत्येक स्रोताचं वर्णन त्या आराखड्याच्या शब्दांत करा. त्यांचं उदाहरण मोटारविक्रीचं. एका स्रोतात वापरलेल्या गाड्या. एकात फक्त २० हजार डॉलरच्या वरच्या. एकात १९५०पूर्वी बनलेल्या जुन्या शौकीन गाड्या. आणखी एकात १९९०नंतरच्या गाड्यांची परीक्षणं. आता कुणी १९९२ किंवा त्यानंतरच्या स्पोर्ट्‌स गाड्या आणि त्यांची परीक्षणं मागितली, तर जुन्या शौकीन गाड्यांच्या दाराशी जायचंच नाही. तिथे काही मिळणार नाही हे वर्णनावरूनच सिद्ध होतं. शंभर स्रोत असले तरी विचारायचं मोजक्यांनाच. नवा स्रोत जोडायचा तर त्याचं वर्णन लिहायचं, बाकी कशालाही हात लावायचा नाही. किंमत अशी, की प्रश्नाचे तुकडे करणं गणिती दृष्टीने अवघड होऊन बसतं. माणसाची मेहनत यंत्राच्या माथी मारली. सौदा चांगला होता.

राजारामन तेव्हा स्टॅनफर्डमध्ये शिकत होते. त्याच वर्षी त्यांनी वेंकी हरिनारायण, आशिष गुप्ता आणि राकेश माथूर यांच्यासोबत ‘जंगली’ नावाची कंपनी सुरू केली. वेबवर विखुरलेल्या नोकऱ्यांच्या जाहिराती आणि वस्तूंच्या किमती एका डेटाबेससारख्या दाखवणं हा धंदा. १९९८मध्ये अ‍ॅमेझॉनने ती सुमारे २५ कोटी डॉलरच्या शेअरच्या मोबदल्यात घेतली. राजारामन आणि हरिनारायण यांची पुढची कंपनी ‘कॉसमिक्स’ २०११मध्ये वॉलमार्टने घेतली, त्याच वॉलमार्टने, जिच्या यंत्रावर टेराडेटाने पहिला टेराबाइट पार केला होता.

एवढं होऊनही १९९०च्या दशकात बहुतेक बँका, विमा कंपन्या आणि दुकानदारांनी दारोदार प्रश्न पाठवण्याचा नाद सोडून दिला. रात्री सगळीकडचा डेटा उचलायचा आणि एका मोठ्या ‘वेअरहाउस’मध्ये आणून ओतायचा, हा मार्ग त्यांना परवडला. कारण तांत्रिक कमी, व्यवहारी जास्त होतं. सकाळी अकरा वाजता शाखेत गिऱ्हाइकांची रांग लागलेली असताना मुख्यालयातल्या कुणा विश्लेषकाचा वजनदार प्रश्न शाखेच्या डेटाबेसवर येऊन आदळावा, हे कुठल्याच शाखाप्रमुखाला खपत नव्हतं. दुसरं, समांतर विचारणा केली तरी उत्तर सर्वांत सावकाश स्रोताच्या गतीनेच येतं. मेरिलंडला मायकेल फ्रँकलिन आणि सहकाऱ्यांनी यावर ‘स्क्रॅम्बलिंग’ सुचवलं: एक स्रोत अडला तर वाट पाहत न बसता कामाचा क्रम चालता चालता बदलायचा. बर्कलेच्या ‘एडीज’मध्ये तर प्रत्येक ओळीची वाट वेगळी ठरे. मुंबई आयआयटीतून बर्कलेला गेलेल्या अमोल देशपांडे यांनी जोसेफ हेलरस्टीन यांच्यासोबत २००२मध्ये असं मांडलं, की दूरच्या डेटाबेसचा खर्च मध्यवर्ती नियोजकाने आपल्या मनाने धरणंच चूक. अंदाज ज्याचा त्याने करावा आणि नियोजकाने ते अंदाज विचारून घ्यावेत. गार्लिकचं विचारणं आणि मरिपोसाचा बोलीवरचा भरवसा, दोन्ही इथे जवळ आले.

लोकांचं मन पुन्हा वळवलं ते डेटाच्या आकारानेच. गोदाम भरून वाहू लागल्यावर सगळं एका ठिकाणी ओतायला ना रात्र पुरे ना पैसा. फेसबुकमध्ये २०१२मध्ये चार अभियंत्यांनी ‘प्रेस्टो’ लिहायला घेतली आणि २०१३मध्ये ती सगळ्यांसाठी खुली झाली. तिथल्या वेअरहाउसचा आकार पुढे ३०० पेटाबाइट झाला आणि हजाराहून अधिक कर्मचारी तिच्यातून रोज ३० हजारांवर प्रश्न विचारू लागले. प्रेस्टोची स्वतःची साठवण नाहीच. तिच्याजवळ आहेत फक्त प्रश्न वाटून घेणारे कामकरी आणि प्रत्येक प्रकारच्या साठ्यासाठी एक ‘कनेक्टर’. एका वाक्यात हाडूपमधला तक्ता आणि मायएसक्यूएलमधला तक्ता जोडता येतो, आणि दोन्हीकडून ओळी एकाच वेळी ओढल्या जातात. म्हणजे ग्रेफ यांची समांतर वाटणी आणि गार्लिकचा दारातला रॅपर एका छताखाली आले. तिचे मूळ अभियंते नंतर फेसबुक सोडून गेले. त्यांची शाखा डिसेंबर २०२०पासून ‘ट्रिनो’ या नावाने चालते.

फुकट आणि सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या पोस्टग्रेस या डेटाबेसचा प्रवास मात्र सावकाश झाला. परका डेटा एसक्यूएलमधून वाचण्याचे नियम या शतकाच्या सुरुवातीला मानकात आले. पोस्टग्रेसमध्ये परके तक्ते वाचता आले २०११मध्ये, आणि दुसऱ्या पोस्टग्रेसशी जोडणारा रॅपर आला २०१३मध्ये. तरी त्यानंतरही चार परके सर्व्हर जोडले, तर पोस्टग्रेस एकाचं उत्तर पूर्ण झाल्यावर दुसऱ्याचं दार वाजवी. चौघांना एकदम विचारण्याची सोय सप्टेंबर २०२१मध्ये, चौदाव्या आवृत्तीत आली. २०२२च्या पंधराव्या आवृत्तीत अनेक सर्व्हरवरचे बदल एकदम कायम करण्याची आज्ञाही समांतर देता येऊ लागली. फक्त त्यातल्या एका सर्व्हरने ऐनवेळी नकार दिला, तर बाकीच्यांनी लिहून टाकलेलं मागे घेता येईलच, याची हमी तो रॅपर देत नाही. सगळ्यांनी मिळून हो म्हणायचं किंवा कुणीच नाही, हा करार आर-स्टारच्या काळात मोहन आणि ब्रूस लिंडसे यांनी तपशिलात लिहून ठेवला होता. तो पाळायला प्रत्येक सर्व्हरला आधी ‘तयार आहे’ असं कळवून, दुसऱ्याचा निर्णय येईपर्यंत आपल्या नोंदींना कुलूप लावून थांबावं लागतं, आणि परक्यासाठी आपलं कुलूप अडवून ठेवायला अजूनही फारसा कुणी धनी राजी नसतो.